बटाट्याचा श्वास

१९३९ साली ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात एक छोटंसं टिपण छापून आलं. विषय होता फुलझाडांमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज. खाली दोन नावं होती, आर. हिल आणि के. भागवत. आद्याक्षरावरून बाई की पुरुष हे कळत नव्हतं. हा ‘के’ म्हणजे कमला. वडील नारायणराव भागवत रसायनशास्त्रज्ञ, काका माधवराव रसायनशास्त्रज्ञ, आणि थोरली बहीण दुर्गा, जिला पुढे मराठी वाचकांनी दुर्गा भागवत म्हणून डोक्यावर घेतलं. दोघी बहिणी इंदूरच्या. जामखेडकरांना इंदूर परकं नाही. तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवींनी ज्या होळकरी राज्याचा गाडा ओढला, त्याच राज्याची इंदूर ही नंतरची राजधानी.

मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागावर, नेम धरणारी कृत्रिम पेप्टाइडं हा आज जगभरच्या प्रयोगशाळांतला चलतीचा विषय आहे. हृदय, स्नायू, मूत्रपिंड, डोळे, म्हातारपण, जिथे जिथे पेशीची ताकद कमी पडते तिथे तिथे हे रेणू वापरून पाहिले जातात. त्यांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात न्यूयॉर्क-माँट्रियलपासून करण्याचा प्रघात आहे. पण हे रेणू ज्या यंत्रणेला हात घालतात, ती झाडांतही तशीच चालते, हे दाखवणाऱ्यांत एक मराठी मुलगी होती. म्हणून गोष्ट तिच्यापासून सुरू करणं रास्त.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. वडील आणि काका बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले, तेव्हा पुढचं शिक्षण तिथेच हे घरात ठरल्यासारखंच होतं. अर्ज गेला आणि नकार आला. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे. संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वीचे नोबेल विजेते. वडिलांनी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. काळ गांधीजींचा होता. कमलाबाईंनी थेट संस्था गाठली, नकाराचं कारण विचारलं आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणून सत्याग्रह मांडला. अखेर रामन यांनी अटी घालून प्रवेश दिला. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी धरल्या जाणार नव्हत्या, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचं होतं, आणि आपल्यामुळे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नव्हतं. कमलाबाईंनी अटी मानल्या. अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या हा प्रसंग स्पष्ट शब्दांत सांगत.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्यं यांच्यातल्या प्रथिनांवर काम झालं. वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं, कमलाबाई रीतसर विद्यार्थिनी झाल्या, आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह हाती आली. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती घेऊन त्या केंब्रिजला पोचल्या, न्यूनहॅम कॉलेजात.

केंब्रिजची जीवरसायन प्रयोगशाळा तेव्हा सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स चालवत. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हे वृद्ध गृहस्थ स्त्री संशोधकांना मोकळेपणाने जागा देत. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर फिनोलेज या विकरावर (एन्झाइमवर) काम केलं. कापलेला बटाटा ताटात ठेवला की थोड्याच वेळात काळपट पडतो, ते याच जातीच्या विकराचं काम. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींचे माणूस. पानांमधली हरितलवकं बाहेर काढून प्रकाशात ठेवली तरी ती ऑक्सिजन सोडतात, हे त्यांनी याच सुमारास दाखवलं. ‘हिल अभिक्रिया’ हे नाव आजही पाठ्यपुस्तकात आहे.

हिल यांच्याकडे जो प्रश्न समोर आला तो कळायला आणखी थोडं मागे जावं लागतं. १८८० च्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या चार्ल्स मॅकमन या डॉक्टरला प्राण्यांच्या स्नायूंमध्ये एक वेगळंच रंगद्रव्य दिसलं. वर्णपटदर्शकातून पाहिलं की प्रकाशाच्या पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या रेषा उमटत. श्वसनाशी याचा संबंध आहे असं त्याने लिहिलं. हॉप-सायलर या त्या काळच्या जर्मन दिग्गजाने ते खोडून काढलं, आणि विषय चाळीसेक वर्षं बासनात गेला. १९२५ मध्ये केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी तो पुन्हा वर काढला. केलिन मूळचे कीटक-परजीवींचे अभ्यासक. घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या माशीचा अभ्यास करताना त्यांना त्याच रेषा दिसल्या. मग यीस्टमध्ये शोधल्या, तिथेही सापडल्या. यीस्टची नळी स्थिर ठेवली की रेषा ठळक उमटत, हवेबरोबर खळखळून हलवली की पुसट होऊन नाहीशा होत. जरा वेळ गेला की पुन्हा हजर. पेशी ऑक्सिजन वापरते आहे हे केलिन त्या नळीत डोळ्यांनी पाहत होते. रंगद्रव्याला त्यांनी सायटोक्रोम नाव दिलं आणि त्याचे ए, बी, सी असे प्रकार पाडले.

हे काम चालतं कसं? दुष्काळात विहिरीचा गाळ काढताना माणसं ओळीने उभी राहतात आणि घमेलं हातोहात वर जातं. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन असेच एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. सायटोक्रोम सी हा त्या ओळीतला शेवटून दुसरा गडी, आकाराने लहान आणि हालचालीला चपळ. माणसात तो अवघ्या १०४ अमिनो आम्लांचा असतो. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारं शेवटचं विकर म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. सायनाइड बसतं ते इथेच. शेवटचा हात थांबला की सगळी ओळ ठप्प होते.

प्राणी आणि यीस्ट यांच्याबद्दल केलिन यांचं म्हणणं मान्य झालं. वनस्पतींतही या रेषा त्यांनी पाहिल्या होत्या. पण झाडाचं श्वसन खरोखर याच वाटेने होतं का, यावर १९३० च्या दशकात एकमत नव्हतं. बटाट्यासारख्या ऊतींत फिनोलेज इतकं भरपूर की ऑक्सिजन खाणारं मुख्य विकर तेच असावं, असं मानणारे अभ्यासक होते. ठेचलेला बटाटा हवेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढतो हे खरंच. पण पेशी मोडल्यावर जे घडतं ते जिवंत पेशीत चालतंच असं नाही. फिनोलेजचा गोंगाट बाजूला सारून त्यामागे सायटोक्रोमची साखळी आहे का, हे पाहायला हवं होतं. हे पाहणाऱ्या व्यक्तीला फिनोलेजची खोड आधीच ठाऊक होती, ही कमलाबाईंची जमेची बाजू.

१९३९ च्या टिपणाने उत्तर दिलं: फुलझाडांच्या ऊतींतही सायटोक्रोम ऑक्सिडेज आहे, म्हणजे प्राण्यांसारखीच शेवटची कडी तिथेही आहे. त्याच कामावर कमलाबाईंनी पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. टंकलिखित पानं फक्त ४०, भारतातून आल्यापासून लागलेला वेळ १४ महिन्यांच्या आसपास. विज्ञानात ब्रिटनची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. हिल आणि भागवत यांचा सविस्तर लेख ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये निघाला तो थेट १९५१ साली. मध्ये महायुद्ध येऊन गेलं होतं, आणि कमलाबाई केव्हाच भारतात परतल्या होत्या.

१९३९ मध्ये आणखी एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. ही सगळी साखळी पेशीत नेमकी बसते कुठे? मायटोकॉन्ड्रिया सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती, पण ती नक्की करतात काय याबद्दल तर्कच जास्त होते. १९४८-४९ मध्ये शिकागोत युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवलं की अन्नाच्या ज्वलनाचे शेवटचे टप्पे मायटोकॉन्ड्रियातच पार पडतात. १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी मांडलं की इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासात प्रोटॉन आतल्या पडद्याबाहेर ढकलले जातात आणि ते परत आत येताना एटीपी, म्हणजे पेशीचं चलन, तयार होतं. या कल्पनेची आधी टर उडाली. १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं. १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या गटाने दाखवलं की हेच सायटोक्रोम सी जागा सोडून पेशीद्रवात उतरलं, तर पेशी स्वतःचा शेवट घडवून आणते. म्हणजे पेशीच्या जगण्याइतकीच तिच्या मरणाशीही या रेणूची गाठ होती. साहजिकच त्याला जागेवर धरून ठेवतं कोण, हा प्रश्न मोलाचा झाला.

त्याचं उत्तर जामखेडच्या कुठल्याही दवाखान्यात निराळ्या रूपाने भेटतं. गरोदर बाईची पहिली तपासणी असली की रक्ताच्या चिठ्ठीवर ‘व्हीडीआरएल’ लिहिलेलं असतं. ही गरमीची, म्हणजे सिफिलिसची, चाचणी. तिच्या द्रावणातला कळीचा घटक कार्डिओलिपिन नावाचा मेदपदार्थ. १९४२ साली मेरी पँगबॉर्न या अमेरिकन संशोधक बाईंनी तो गाईबैलांच्या हृदयातून वेगळा केला, म्हणून नावात ‘कार्डिओ’. पुढे कळलं की हा मेद मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याचा खास रहिवासी आहे. पडद्याच्या घड्या त्याच्यामुळे टिकतात, श्वसनसाखळीचे मोठे घटक त्याच्यामुळे एकत्र राहतात, आणि सायटोक्रोम सी त्यालाच टेकून असतं.

आता पेप्टाइडं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. इन्सुलिन त्यातलंच. पूर्वी असा रेणू हाताने जुळवायचा म्हणजे महिनोन्‌महिने. १९६३ मध्ये ब्रूस मेरिफील्ड यांनी तोडगा काढला. पहिलं अमिनो आम्ल राळेच्या बारीक कणांना चिकटवायचं, त्यावर दुसरं, मग तिसरं, दरवेळी उरलंसुरलं धुऊन टाकायचं, आणि शेवटी तयार माळ राळेपासून सोडवायची. १९८४ चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. त्यानंतर हवा तसा क्रम लिहून द्यावा आणि यंत्राने तो बनवावा, इतकं हे काम सोपं झालं.

न्यूयॉर्कच्या हेझल झेटो आणि माँट्रियलचे पीटर शिलर मायटोकॉन्ड्रियाच्या मागे नव्हतेच. ते वेदनाशामक पेप्टाइडांवर काम करत होते, अफूच्या जातीच्या औषधांसारखा गुण असलेल्या. त्यांच्या काही लहान रेणूंना चमकणारा घटक जोडून पाहिलं, तर ते पेशीत शिरून मायटोकॉन्ड्रियाशी गोळा झालेले दिसले. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोघांच्या आडनावांवरून या कुळाला ‘एसएस’ म्हणतात, आणि त्यातलं गाजलेलं पेप्टाइड एसएस-३१. ते फक्त चार अमिनो आम्लांचं. धनभार असलेली आणि वलयी रचनेची आम्लं त्यात आळीपाळीने येतात. पहिलं आर्जिनिन आरशातल्या प्रतिमेच्या रूपातलं, त्यामुळे शरीरातली विकरं त्याला सहज तोडू शकत नाहीत. एक टायरोसिन बदललेलं आहे, ते घातक मुक्तकणांना निष्प्रभ करतं अशी समजूत होती, आणि सुरुवातीला सगळं श्रेय त्यालाच दिलं गेलं. नंतर लक्षात आलं की हा रेणू कार्डिओलिपिनला जाऊन बिलगतो आणि सायटोक्रोम सीचं इलेक्ट्रॉन वाहण्याचं काम सुरळीत ठेवतो. बटाट्यात जी साखळी शोधली गेली होती, तिच्यातल्या त्याच गड्याच्या पायाखालची जमीन हा रेणू सावरत होता.

उंदरांत निकाल झकास येत गेले. हृदयाचा रक्तपुरवठा तोडून पुन्हा जोडल्यावर होणारी इजा, मूत्रपिंडाची इजा, म्हाताऱ्या स्नायूंची ताकद, सगळीकडे सुधारणा दिसली. औषधाचं नाव पडलं एलामिप्रेटाइड. माणसांची गोष्ट मात्र वेगळी निघाली. मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराने स्नायू दुबळे झालेल्या २१८ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत ठरवलेली उद्दिष्टं गाठता आली नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीनेच ते जाहीर केलं.

उरली आशा बार्थ सिंड्रोमची. डच डॉक्टर पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेला हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. टॅफॅझिन या जनुकातल्या दोषामुळे कार्डिओलिपिनच नीट बनत नाही. हृदय फुगतं, स्नायू थकतात, पांढऱ्या पेशी घटतात. अमेरिकेत असे रुग्ण दीडशेच्या आसपास. रेणूचं लक्ष्य आणि आजाराचं मूळ एकच, इतका चांगला मेळ क्वचित बसतो. तरीही १२ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या टप्प्याअखेर औषध आणि खोटं औषध यांत ठळक फरक दिसला नाही. सुधारणा दिसली ती पुढे दीर्घकाळ औषध चालू ठेवल्यावर, आणि तेव्हा तुलनेला खोटं औषध नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी नाकारली. रुग्णांच्या कुटुंबांनी दाद मागितली, कंपनीने नवा अर्ज केला, आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी गुडघा ताठ करणाऱ्या स्नायूंची ताकद वाढल्याच्या आधारावर, किमान ३० किलो वजनाच्या रुग्णांसाठी, सशर्त मंजुरी मिळाली. खरा फायदा होतो हे कंपनीने पुढच्या चाचणीत सिद्ध करायचं आहे. वीस वर्षांच्या खटाटोपाचं फळ इतकं मोजून-मापून पदरात पडलं.

आणि नेमकं याच काळात हे पेप्टाइड बाजारातही उतरलं होतं. पांढऱ्या भुकटीची चिमुकली कुपी, वर लेबल ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’, आणि ऑनलाइन मागवणारे बहुतेक प्रयोगशाळावाले नव्हेत. शेजारी एमओटीएस-सी नावाचं दुसरं पेप्टाइड. मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत त्याची कृती लिहिलेली आहे हे २०१५ मध्ये कळलं. उंदरांत त्याने वजन आणि साखर आटोक्यात ठेवली. औषध म्हणून त्याला मान्यता नाही आणि खेळाडूंसाठीच्या बंदी-यादीत त्याचं नाव आहे, तरी तारुण्य आणि ताकद यांच्या नावाने ते खपतं.

इथे कमलाबाईंच्या उत्तरायुष्याची आठवण करून द्यायला हवी. भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग त्यांनी उभा केला. केंब्रिजच्या तोडीची उपकरणं नव्हती. मग त्यांनी प्रश्नच असे निवडले की ज्यांचं उत्तर इथल्या ताटाला लागू पडेल. कच्च्या कडधान्यांत पचनाच्या ट्रिप्सिन विकराला अडवणारी प्रथिनं असतात, ती किती आणि शिजवल्यावर त्यांचं काय होतं, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासलं. ताडा-माडाच्या नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह मोजलं, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर फरक पडतो हे दाखवलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद त्यांना मिळालं, पण अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षं उशिराने.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, त्यांत कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या. तिखटात विटकरीची पूड आहे का, वजन पुरतं आहे का, पाकिटावर लिहिलेलं आत आहे का, हे त्यांनी ‘कीमत’ या संस्थेच्या मासिकात गृहिणींना समजेल असं लिहिलं. जून १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्या दिवसांत गेल्या.

याच कळकळीचं दुसरं काम १९७० पासून जामखेडमध्ये चाललं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरचे पदवीधर, अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्य शिकून थेट या दुष्काळी तालुक्यात आले. त्या काळी सुई टोचली नाही तर औषध घेतल्यासारखंच वाटत नसे, आणि जुलाबाला सलाईनची बाटली हा मानाचा उपचार. आरोळे दांपत्याने गावोगावच्या, अनेकदा निरक्षर आणि दलित-वंचित घरांतल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. मीठ-साखरेचं पाणी घरच्या घरी करता येतं, आणि डॉक्टरी ज्ञान ही कुणाची गुप्त ठेव नव्हे, हे त्या बायकांनी गावाला पटवलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या कमलाबाई आणि जामखेडची आरोग्यसेविका यांच्यात भेटीगाठी नव्हत्या, पण दोघींची शिकवण एक होती: दावा कुणाचा आहे, तपासला कुणी, कुणावर तपासला, आणि बिघडलं तर जबाबदार कोण. एलामिप्रेटाइडला या चार प्रश्नांची उत्तरं देता-देता वीस वर्षं लागली आणि अजून शेवटचं उत्तर बाकी आहे. ऑनलाइन आलेल्या कुपीने पहिल्याच प्रश्नाला लेबलावर हात वर केलेले असतात. उंदरांतलं यश खरं असू शकतं, मायटोकॉन्ड्रियाची महती तर खरीच आहे. पण त्यावरून स्वतःच्या दंडात सुई खुपसायची, तर तेवढ्या पुराव्याने भागत नाही. जो प्रयोग माणसावर नीट झालेला नाही, तो पैसे देऊन स्वतःवर करून घेणारा गिऱ्हाईक हाच त्या प्रयोगातला उंदीर असतो.